एका कोयत्याची एक डबी

थुंकी आणि बेडका यांतला फरक मी अख्ख्या तालुक्याला शिकवला. बढाई वाटत असेल तर वाटू द्या. बीड जिल्ह्यातल्या ज्या सरकारी दवाखान्यात मी सगळ्यात जास्त वर्षं काढली, तिथं जाऊन आजही कुणा म्हातारीला विचारा. ती सांगेल, "ती लॅबवाली बाई व्हय? लई फटकळ. पण छातीतलं काढल्याबिगर सोडायची न्हाई."

क्षयाचा संशय आला की डॉक्टर माणसाला माझ्याकडं धाडत. मी त्याला झाकणाची एक प्लास्टिकची डबी द्यायचे. माणूस बाहेर जाई, ओट्यावर बसे आणि तोंडातली लाळ डबीत घालून परत येई. पांढरी, फेसाळ, बिनकामाची. मी डबी उजेडात धरून बघायचे आणि तशीच त्याच्या हातात परत द्यायचे. "ही झाली थुंकी. थुंकीचं मी काय लोणचं घालू? मला बेडका पाहिजे. दोनदा खोल श्वास घे, छातीत कोंडून धर, आणि मग पार पोटातून खोक." एवढ्यानं भागत नसे, म्हणून मी स्वतः खोकून दाखवायचे. नव्यानं आलेल्या एका डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, तुम्ही स्वतःची तपासणी करून घेतली का?" मी म्हटलं, "साहेब, माझी छाती ठणठणीत आहे. हे शिकवणं चाललंय."

बायांचं त्याहून अवघड. बाईमाणसानं चारचौघांत खाकरायचं नाही, मोठ्या माणसादेखत तर नाहीच, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यात मिशेरी. आमच्याकडची बाई डोळे उघडायच्या आधी तोंडात बोट घालते आणि त्या बोटावर भाजून काळी केलेली तंबाखू असते. सकाळी उठल्याउठल्याचा बेडका तपासायला सगळ्यात चांगला. म्हणून मी बजावायचे, आधी चूळ भर, खोक, डबी भर, आणि मग काय ती मिशेरी लाव. ऐकतंय कोण? डबीत काळे कण हजर. तपासणीला त्यांचा तसा त्रास नसतो, पण माझं डोकं फिरायचं.

काम काही मोठं अवघड नाही, फक्त मन लावून करावं लागतं. काचपट्टीवर बेडका पसरायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून दिव्याची आच द्यायची. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. मग आम्लानं धुवायचं आणि निळा रंग द्यायचा. क्षयाचा जंतू हट्टी असतो. एकदा लाल रंग प्याला की आम्लालाही तो दाद देत नाही. बाकी सगळं निळं होतं आणि दुर्बिणीखाली त्या निळ्यात बारीक लाल काड्या दिसतात. मायक्रोस्कोपला तिथं सगळे दुर्बीणच म्हणत, मग मीही तेच म्हणायला लागले. लाल काडी असली तर माझ्या नजरेतून सुटायची नाही, एवढं मी तेव्हाही छातीवर हात ठेवून सांगायचे.

मी सांगते आहे ते वर्ष दुष्काळाचं. दवाखान्यात पाणी टँकरचं, आणि काचपट्ट्या धुवायला तर पाणी लागतंच. टँकरभोवती घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया मला टोमणे मारायच्या, "माणसाला प्यायला न्हाई आन तुमी बेडकं धुता व्हय?" मी म्हणायचे, "तुझ्या घरात खोकला शिरला म्हंजे कळंल कावून धुते ते." लॅबची एक घागर ठरलेली होती आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना त्या हंगामात पेटलाच नाही. शेतात जो काही ऊस उभा होता तो तोडून जनावरांच्या छावणीत चाऱ्याला गेला. दर वर्षी ऊसतोडीला बाहेर जाणारे होतेच, पण ज्यांनी कधी गाव सोडलं नव्हतं तेही त्या वर्षी पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जायला निघाले. दसरा झाला आणि गावोगाव ट्रक लागायला लागले. तोडीच्या जगात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळी बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. जोडीला राहायला एक खोपी आणि जोडीचं एक नाव, तेही नवऱ्याचं. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी फारसं विचारत नाही.

अशाच एका मुकादमानं आदल्या हंगामात उसाच्या फडावर खोकून खोकून एक माणूस मेलेला पाहिला होता. त्याचा त्यानं धसका घेतला असावा. या वेळी निघायच्या आधी त्यानं टोळीतली खोकणारी माणसं जीपमध्ये घातली आणि आमच्या दवाखान्यात आणली. खोकणारा एक असला तरी आली ती जोडीजोडीनंच. मी नेमकी तेव्हा काचपट्टीला आच देत होते, दिवा सोडून उठता येत नव्हतं. बाहेर आमच्या शिपायानं विचारलं, "किती हायत?" मुकादमानं सवयीप्रमाणं कोयत्यांचा आकडा सांगितला. शिपायानं मोजून तेवढ्या डब्या दिल्या आणि प्रत्येकीवर नवऱ्याचं नाव घातलं. तोही याच मातीतला, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या सगळ्या डब्यांत एकीतच लाल काड्या निघाल्या. मी नावानं हाक मारली. पंचविशीचा, उंच, हडकुळा गडी पुढं आला. मागं त्याची बायको, पदर तोंडाशी धरलेला. मी म्हटलं, "तुझ्या बेडक्यात क्षयाचे जंतू आहेत. घाबरायचं काही कारण नाही. औषध फुकट आहे, नेमानं घेतलं की माणूस बरा होतो."

तो म्हणाला, "माझ्या का हिच्या?"

"म्हणजे?"

"एकाच डबीत हाय ना ते दोघांचं. एका कोयत्याला एकच डबी दिलती."

अगं बाई! मी कपाळावर हात मारला. बाहेर जाऊन शिपायाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मुकादमाकडं वळले. "तुमचा कोयता फडावर. इथं एका छातीला एक डबी. उद्या सकाळी सगळ्यांना परत आणा."

"उद्या सांजच्याला ट्रक निघतोय, बाई."

"मग सकाळी लवकर आणा."

प्रत्येकाला वेगळी डबी दिली, प्रत्येकीला तिच्या नावाची. नाव सांगताना बायका लाजत होत्या. मी त्या जोडीकडं नीट पाहून घेतलं. पैज लावायची म्हटलं असतं तर कुणीही त्याच्यावर लावली असती. विडीनं बोटं पिवळी पडलेली, गालफडं बसलेली, आणि उभ्याउभ्या खोकत होता. ती माझ्यासमोर एकदाही खोकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले. सगळ्यांच्या डब्या स्वच्छ निघाल्या, त्याची सोडून. त्याच्या नावाच्या काचपट्टीवर लाल काड्यांचा नुसता बाजार भरलेला. बायकोच्या डबीत एकही नाही. झालं, म्हटलं, सुटला गुंता. त्याचं नाव लिहायला घेतलं आणि हात थांबला. त्याच्या काचपट्टीवर लाल काड्यांच्या शेजारी काळे कण होते. मी रोज बघते म्हणून नजरेनं तसेच पुढं ढकलले होते. उठले, डबी उघडून उजेडात धरली. काळे कण.

त्याला आत बोलावलं. "तोंड उघड." दात विडीच्या धुरानं पिवळे, पण काळं काही नाही. "मिशेरी लावतोस का रे?"

तो हसला. "न्हाई बा. माझ्या घरात मायबी लावती आन हीबी लावती, मी न्हाई."

"तू ये गं इकडं. दात दाखव."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग ओठ उघडले. हिरड्यांच्या कडेनं काळी रेघ.

"डब्या कुणी बदलल्या?"

मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की ओट्यावरची माणसंही उठून उभी राहतात. "हा काय पोरखेळ आहे? जीव आहे हिचा! कुणी बदलल्या?"

तो म्हणाला, "मी बदलल्या. हिचा रातचा दाबलेला खोकला मला ठावं हाय. बाई, माझंच नाव लिवा. पाया पडतो तुमच्या. रोग माझ्या नावावर घाला."

"आणि औषध?"

"दवा मी घेईन, तिकडं फडावर घेऊन जाईन, ती खाईल. कुणाला कशाला कळतंय?"

"मूर्खा, गोळ्या घरी न्यायच्या नसतात. कारखान्यावर गेलास तरी तिथल्या दवाखान्यात बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत गिळायच्या. तुझ्या धडधाकट घशातून उतरतील, आणि ही मरेल. तुझ्या या मायेनंच मरेल!"

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा उतरला आणि तो तिथंच स्टुलावर बसला. मग हळूहळू सांगायला लागला. त्याच्या थोरल्या बहिणीला हाच आजार झाला होता. सासरच्यांनी तिला बोचक्यासकट एस.टी.त बसवून माहेरी धाडलं, पुन्हा तोंड दाखवू नको म्हणाले. ती माहेरच्या ओसरीवरच मेली. तेव्हा त्याची आई रडत रडत म्हणाली होती, असली सून माझ्या घरात असती तर मीही धाडलीच असती.

"मायचं बोलणं म्हंजे काळ्या दगडावरची रेघ, बाई. मायला कळलं तर हिला एक दिस ठेवायची न्हाई. लेकाला आजार झाला तर काय, लेकाला कुठं टाकून देतंय कुणी? म्हणून म्हणलं माझ्या नावावर घ्यावं."

मी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे गं?"

ती पहिल्यांदाच बोलली. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. "मला मरायचं न्हाई, बाई. आन माहेरीबी जायचं न्हाई."

मला रडू आलं. आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो. मी म्हटलं, "दोन्हीतलं एकही होणार नाही. मी सांगते ना. मरायचीही नाहीस आणि जायचीही नाहीस. पण आजार तुझा, नाव तुझं, गोळी तुझ्याच पोटात. यात बदल नाही." एवढ्या खात्रीनं कशाच्या जोरावर बोलले असेन? मरायची नाहीस हे औषधाच्या जोरावर, कारण ते औषध घेऊन उठून चालायला लागलेली माणसं मी रोज बघत होते. दुसऱ्या गोष्टीसाठी माझ्याकडं माझी जीभ होती. ती काही कमी नव्हती.

दोघांना डॉक्टरांकडं पाठवलं आणि मुकादमाला गाठलं. हा कोयता येणार नाही म्हटल्यावर तो वैतागला. "आवो बाई, भरलेली टोळी मोडता तुमी! त्याला तरी येऊ द्या."

"अर्धा कोयता घेऊन काय करणार? आणि तो गेल्यावर हिला दवाखान्यात कोण आणणार? तुम्ही?"

त्यानं पानाची पिंक टाकली. माणूस वाईट नव्हता, मेलेला माणूस त्यानं पाहिला होता. म्हणाला, "छावणीत ऊस तोडून जनावरांपुढं टाकायला गडी लागत्यात. दूध सोसायटीची हाय छावणी, चेअरमन माझ्या वळखीचा हाय. बोलतो." मग जाताजाता आपल्याच एका माणसावर ओरडला, "काय बघतो बे? चल, दुसरी जोडी हुडकायची हाय." आणि त्यानं शब्द पाळला. तो हडकुळा गडी पुढं उन्हाळाभर त्या छावणीत होता.

मी लॅबमध्ये येऊन हात धुते तोवर दारात एक म्हातारी. हातात भाकरीचं गाठोडं. लेकाला आणि सुनेला ट्रकवर बसवून द्यायला आली होती. गावात कुणी तरी सांगितलं की दोघं अजून दवाखान्यातच आहेत, म्हणून चालत इकडं आली. मी ओळखलं. काळ्या दगडावरची रेघ ती हीच. मी पदर खोचला. म्हटलं, आता ही एक शब्द वाकडा बोलू दे, मग बघते.

तिनं आधी दार लोटून घेतलं. मग माझ्याजवळ येऊन अगदी दबक्या आवाजात विचारलं, "बाई, सुनंचं काय निघालं?"

मी म्हटलं, "मावशी, कुणाचं काय निघालं ते मी असं सांगत नसते."

"नगा सांगू. मला ठावं हाय." ती खाली फरशीवर बसली. "दोन मैने झाले. राखंचं डबडं घेऊन मागल्या दारी जाती, तितं खोकती, तोंडात पदर कोंबून. एकदा डबडं तसंच राह्यलं. मी बघितलं, लाल व्हतं. मी गपचिप पुरून टाकलं. माझी लेक आशीच गेली, बाई. मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मग आणलं का नाही तिला इथं?"

"कशी आणू? लेकाला कळलं आस्तं ना. त्याच्या बापानं मला बाळंतरोगात माह्यारी टाकलती, दोन वर्सं. बाप तसा लेक. बायकूला रोग हाय म्हणल्यावर ठेवील का तो? मी आपली शेळीचं दूध तिला द्यायची. नासतंय म्हणायची, पिऊन टाक म्हणायची." तिनं माझे दोन्ही हात धरले. "काय बी करा, पर देवाची आण हाय तुमाला, माझ्या लेकाला सांगू नका. तो हिला टाकील."

मला असा राग आला, असा राग आला, की हसावं का दोघांच्या कानाखाली जाळ काढावा ते कळेना. दार उघडलं. ती दोघं डॉक्टरांकडून येऊन बाहेर बाकावर बसली होती. मी सुनेला एकटीला बाजूला घेतलं, कानात विचारलं, "तुझी सासू आत आहे. तिच्यासमोर बोलू का? तू म्हणशील तरच." तिनं दाराकडं पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

दोघांना आत आणलं. आईला बघून तो पांढराफटक पडला. लेकाला बघून म्हातारीनं तोंड भिंतीकडं केलं. मी म्हटलं, "हां, मावशी. मला आत्ता जे सांगितलं ते याच्या तोंडावर सांगा. आणि तू रे, सकाळी डब्या का बदलल्यास ते तुझ्या मायला सांग. एकानं तरी तोंड उघडल्याशिवाय मी दार उघडणार नाही."

आधी म्हातारी बोलली, भिंतीकडं बघतच. शेळीचं दूध, राखेचं डबडं, सगळं. मग तो बोलला. बहिणीचं नाव निघालं तेव्हा म्हातारी वळली. "आरं, ते मी म्हणले आसन. पोटची मेली तवा माणूस काय बी म्हणतं. तू ते धरून बसला व्हय इतकी वर्सं?"

"तू म्हणलीस, मग मी काय समजू, माय?"

"आन मी तुला बापावाणी समजले," म्हातारी म्हणाली.

सून मधे उभी होती. तिच्या तोंडावरचा पदर केव्हाच सुटला होता. तिनं एकदा सासूकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि म्हणाली,

"मंग मी दोन मैने खोकला कुणाला भिऊन दाबला?"

म्हातारी डोळ्याला पदर लावून बसली. तो खाली बघत होता. आणि तेवढ्यात सुनेला उबळ आली. सवयीनं तिनं पदराचा बोळा तोंडात घालायला हात वर नेला आणि मधेच थांबली.

मी खिडकी सताड उघडली, तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "कोंबू नको. पदर नुसता तोंडापुढं धर आणि खोक, बाई. चांगलं पोटातून खोक."

ती खोकली. सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी खोकली, आणि सासूनं उठून तिची पाठ चोळली.